सनोबरच्या वाट्याची चव

"गरम होतं, पोटभर होतं, आणखी काय हवं?"

मश्ती खुदाकरम आयुष्यभर जेवणावरून उठताना एवढंच बोलला. पानात मासळी असो, मसुराची आमटी असो, ईदचा पुलाव असो नाहीतर ताकात चुरलेली रोटी असो, हात धुतले, मिशी पुसली की हे वाक्य ठरलेलं. त्याच्या गावात, चाहनखलमध्ये, माणसं त्याची नक्कल करून हसायची. त्याची बायको सनोबर मात्र हसायची नाही. ती भांडी गोळा करायची, आणि भांड्यांचा आवाज त्या दिवशी जरा जास्त व्हायचा.

खजुराच्या झाडांवर चढायचं हा त्याचा धंदा. वसंतात नराचा मोहोर मादीच्या झाडावर नेऊन बांधायचा, उन्हाळा सरताना घड उतरवायचे. कमरेला दोर, पाय अनवाणी. वर असला की वाऱ्याशी, पाखरांशी, त्या झाडाशी काहीबाही बोलायचा म्हणे. खाली उतरला की मुका.

तूबा खानमला हे सगळं नंतर कळलं. तिला आधी दिसला तो सराय-ए-नारंजच्या दारात बावरून उभा राहिलेला एक उंच, वाळका म्हातारा. तळव्यांना दोराचे घट्टे, आणि सदऱ्याच्या पाठीवर गवताच्या काड्या. त्या काड्यांवरून तूबाने ओळखलं की हा इस्पितळाशेजारच्या बागेत तंबू टाकून राहिलेल्यांपैकी आहे. दक्षिणेकडून शिराझला आजारी माणूस घेऊन येणाऱ्यांना दुसरी जागा कुठली?

सराईत पूर्वी उंट बसायचे, आता खाणारे बसतात. कमानीखाली दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं, मधे उघडं अंगण, त्यात पाण्याचा हौद आणि नारिंगाचं एकच झाड. तूबाचं दुकान त्या झाडासमोर. सकाळी ती आश विकायची, पालेभाजी आणि कडधान्याची दाट, पळीवरून न सांडणारी. दुपार होत आली की हलवा. परातीत थापून, चमच्याच्या पाठीने नक्षी काढून ती तो पुढे मांडायची, आणि येणाऱ्या प्रवाशाच्या हातावर चमचाभर ठेवायची. चाखा, आवडला तर घ्या. सराईत सगळ्यांची हीच रीत.

पहिल्या दिवशी तिने या म्हाताऱ्यापुढेही चमचा धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. डोळे मिटले. ओठ हलले. चांगली पूर्ण फातेहा पढला, मग हलवा तोंडात घातला, आणि हळू आवाजात, बहिणीला हाक मारावी तसं विचारलं, "नाव काय होतं, आबजी?"

"कुणाचं?"

"गेलेल्याचं."

शेजारच्या फालुद्याच्या दुकानातून फरामर्ज आगा हसला. या फरामर्जला गिऱ्हाईक नसलं तरी चालायचं, पण हसायला माणूस लागायचं. खेड्यातल्या वडीलधाऱ्याला हाक मारतात तसं म्हणाला, "कुणी गेलं नाही, मश्ती. अजून तरी नाही. तुम्ही तूबाचा हलवा खाल्लाय, आता संध्याकाळपर्यंत वाट बघू."

दोन-चार माणसं हसली. म्हातारा कानापर्यंत लाल झाला. त्याची चूक तरी काय? खेड्यात अनोळखी माणसापुढे कुणी चमचाभर हलवा धरला तर त्याचा अर्थ एकच: घरातलं माणूस गेलंय, खा आणि त्याच्यासाठी दुआ माग. हलवा विकतात, आणि विकण्यासाठी आधी फुकट चाखायला देतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तूबाला राहवलं नाही. "माहरुख," ती म्हणाली. "माझी आई."

"खुदा माहरुखला जवळ करो," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

आई गेली होती हे खरं होतं, पण त्याला बरीच वर्षं झाली होती आणि तो हलवा तिच्या नावाचा नव्हता. दुकान आवरताना तूबा परात घासत बराच वेळ बसून राहिली. इतके हलवे केले, इतक्या अनोळखी हातांवर ठेवले, आणि त्यावर आईचं नाव पहिल्यांदा घेतलं ते एका परक्या माणसाने.

तो रोज येऊ लागला. इस्पितळात भेटायची वेळ दुपारची, त्याच्या आधी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालायचा, प्रत्येक दुकानापुढे थांबायचा, एक चमचा चाखायचा आणि तोंड तसंच मिटून पुढच्या दुकानाकडे जायचा. शेवटी एक रोटी विकत घ्यायचा, बस.

"आले निरीक्षक," फरामर्ज ओरडायचा. "आगा, आज कोणत्या खात्याची तपासणी? भात की कबाब?"

म्हातारा ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचा. एके दिवशी मात्र फरामर्जने चमचा मागे घेतला. "आज आधी विकत घ्या, मश्ती. मग चाखा. माझा फालूदा काही मशिदीच्या दारातलं पाणी नाही."

म्हातारा तिथेच थांबला. भांडला नाही, गेलाही नाही. मग तूबाकडे वळून त्याने असा प्रश्न विचारला की फरामर्जचा हात वरच्या वर राहिला.

"आबजी, हे खाल्ल्यावर माणसं काय म्हणतात?"

"म्हणजे?"

"माझी बायको इथे आहे. सनोबर. घशात गाठ आहे. नळीतून दूध घालतात. औषधाने तोंडाची चव गेली, सगळं खिळे चोखल्यासारखं लागतं म्हणते. रोज मला विचारते, आज काय खाल्लंस, कसं होतं? मी सांगतो, गरम होतं, पोटभर होतं. काल तिने भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, मी चाळीस वर्षं रांधलं ते तू नुसतं गिळलंस. आता मला गिळता येत नाही, तर निदान तू चाख."

त्याने फरामर्जच्या हातातल्या चमच्याकडे बघितलं.

"मी चाखतो. रोज चाखतो. पण सांगायचं काय ते माहीत नाही."

फरामर्जने एक वाटी काठोकाठ भरली, वर लिंबू पिळलं आणि फळीवर त्याच्यापुढे सरकवली. "बसा," तो म्हणाला. "आणि दाताने नको. जिभेने."

त्या दिवसापासून त्याला बोलायला शिकवायचं काम सगळ्या सराईने अंगावर घेतलं. त्यात पहिले काही दिवस नुसता गोंधळ. कबाबवाला म्हणायचा, "सांगा, लोण्यासारखं मऊ." भातवाली म्हणायची, "सांगा, स्वर्गातला घास." म्हातारा हे शब्द पाठ करून घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी खाली मान घालून परत यायचा. सनोबरने म्हणे एका वाक्यात उडवलं: हे तुझं नाही, हे कुणीतरी शिकवलेलं आहे.

मग तूबाने सांगितलं, "मश्ती, आमचे शब्द नेऊ नका. तुमच्या ओळखीचं काय आहे? झाड आहे, दोर आहे, विहीर आहे. त्यांच्यापाशी नेऊन बघा."

त्याने फालुद्याच्या शेवया तोंडात धरल्या. त्या बर्फात गोठवलेल्या, दोऱ्यासारख्या बारीक. बराच वेळ बसला आणि म्हणाला, "आधी दात ओरडतात. मग गप्प बसतात. मग लिंबू येतं, आपल्याच घरात दबकत आल्यासारखं."

फरामर्जने पुन्हा बोलून बघितलं. "दबकत," तो म्हणाला. "हो. येतं खरं दबकत."

आश चाखून तो म्हणाला, "ही विहीर आहे. वर ऊन, खाली गारवा, आणि तळाशी कुणीतरी पूर्वी टाकलेलं काहीतरी अजून आहे." कोबीच्या भाताबद्दल म्हणाला, "हे करणाऱ्या बाईला त्या दिवशी घाई नव्हती." ऐकून भातवाली पदराआड झाली. त्या दिवशी तिची सून माहेराहून परत आली होती.

चाखून झालं की तो उठायचा. सराईच्या दारातून डावीकडे इस्पितळाचा रस्ता, उजवीकडे गावाकडच्या गाड्यांचा अड्डा. तो डावीकडे वळायचा, ओठ हलवत, कुणाशी न बोलता. डोक्यावर भरलेली घागर घेऊन बाई चालते तसा.

दुसऱ्या दिवशी हकीगत यायची. "हसली." "फालूदा दोनदा सांगायला लावला." "कबाब नको म्हणाली, त्यात धूर जास्त आहे." एकदा आला तो तूबापुढे जरा संकोचून उभा राहिला. "आबजी, ती विचारते, आशमधला पुदिना उन्हात वाळवतेस की सावलीत?"

तूबाने त्या आठवड्यात घाईने तो गच्चीवर उन्हातच टाकला होता. "तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"म्हटलं, पाला आहे पण पाल्याचा वास गावाला गेलाय."

फरामर्ज पोट धरून हसला. तूबाने त्याच संध्याकाळी पुदिना सावलीत हलवला.

पुढच्या शुक्रवारी सनोबरचा निरोप आला. त्या पुदिनावाल्या बाईला बघायचंय. तूबा गेली. खाटेवर मूठभर बाई, हिरवा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला, डोळे तेवढे मोठे. आवाज सुताएवढा. तिने नवऱ्याला पाणी आणायला पिटाळलं आणि तूबाला जवळ बसवलं.

"तूच का गं ती? उन्हात वाळवणारी?"

"आता सावलीत वाळवते, खानम."

"बरं करतेस." ती दम घेऊन म्हणाली, "या माणसाच्या तोंडातून मला कधी एक शब्द काढता आला नाही. बाळंतपणं झाली, त्यातलं एक मूल पुरलं, घर बांधलं. शब्द नाही. तू काय खायला घातलंस त्याला?"

"मी काही नाही. तुमचं नाव निघालं की ते बोलतात."

"आता तर खोटंही बोलतो. परवा म्हणाला, तुझ्या हातच्या मासळीची चव त्या सराईत कुणालाच नाही. अगं, माझी मासळी खारट व्हायची. सगळ्या गावाला ठाऊक." ती हसली, हसता हसता खोकली. तूबाने तिची पाठ धरली. हाताला हाडं लागली.

मग ती कामाचं बोलावं तसं बोलली. "माझा हलवा माझ्या जावा करतील. पीठ कच्चं ठेवतात त्या. हात दुखतो म्हणून कढई लवकर उतरवतात. लोक माझ्या नावाने दुआ मागतील आणि त्यांच्या दाताला पीठ चिकटेल. मला मातीखाली लाज वाटेल. तू त्याला शिकव. त्याचे हात दणकट आहेत, ढवळायला कंटाळणार नाही."

तूबाला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने कढई चढवली, तूप घातलं, पीठ काढलं आणि म्हातारा आल्यावर म्हणाली, "मश्ती, आज चाखायचं नाही. आज हलवा शिकायचा."

त्याने कढईकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला सगळं कळलं.

"दुसरं काहीही शिकव, आबजी. आश शिकव. भात शिकव. हे नको."

"त्यांनीच सांगितलंय."

"तिला सांगायला काय होतं? ढवळायला मी उरणार आहे ना?"

त्यानंतर तो तूबाच्या दुकानाशी आला की मान दुसरीकडे वळवायचा. मग त्याच्या यायच्या वेळेला तूबा हलव्याची परात उचलून आत ठेवू लागली. गिऱ्हाईक विचारायचं, हलवा संपला का? ती म्हणायची, जरा वेळाने या.

नारिंगाला फुलं येऊन गेली. हकीगती लहान होत चालल्या. "ऐकता ऐकता झोपली." "डोळे मिटूनच होती, पण मी थांबलो तर बोट हलवलं."

आणि एके दिवशी तो वेळेआधी आला, घाईने. मश्ती खुदाकरम आणि घाई, हे सराईने कधी बघितलं नव्हतं.

"आबजी, आमच्या गावचा खजूर कुठे मिळेल? छोटा, काळपट, सालीवर सुरकुत्या असलेला."

"काय झालं?"

"काल म्हणाली, पुरे झालं शहराचं. आता आपल्या दारातल्या झाडाचा खजूर कसा लागतो तेवढं सांग." तो फळीला धरून उभा होता. "मला येईना. लहानपणापासून तो खाल्ला. त्या झाडावर किती वेळा चढलो. त्याचा बुंधा, त्याचा वारा, कुठल्या झावळीचा काटा कुठे लागतो ते डोळे मिटून सांगेन. चव आठवत नाही. तोंडात टाकायचा आणि चालू लागायचं, एवढंच केलं मी."

फरामर्ज दुकान उघडं टाकून बाजारात धावला. तूबाने सराईतली सगळी दुकानं पालथी घातली. खजूर पुष्कळ मिळाले. मोठे मिळाले, मऊ मिळाले, मधात घोळलेले मिळाले. म्हातारा एकेक तोंडात टाकायचा आणि मान हलवायचा. हा नाही. हा नाही. भेटायची वेळ झाली तेव्हा तो उठला आणि रिकाम्या तोंडाने डावीकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तूबाने बागेत जाऊन बघितलं. तंबू होता तिथे गवत पिवळं पडलं होतं, तेवढाच चौकोन.

सराई चालूच राहिली. प्रवासी येत होते, चाखत होते, पुढे जात होते. फरामर्ज आता चमचा पुढे करताना फारसं बोलत नसे. एकदा तूबाने ऐकलं, तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "घाई करू नका. आधी दात ओरडतील."

गेलेल्याचा चाळिसावा दिवस होऊन जाईल एवढ्या काळाने एका गुरुवारी सकाळी मश्ती खुदाकरम दारात उभा राहिला. काळा सदरा, दाढी वाढलेली, हातात फडक्याने झाकलेली परात. तूबाने पळी खाली ठेवली.

तो पूर्वीसारखाच एका टोकापासून निघाला. पण आज चाखत नव्हता, चाखायला देत होता. फडकं बाजूला करून प्रत्येक दुकानापुढे परात धरायचा. हलवा काळा होता. दक्षिणेत खजुराच्या काकवीत करतात तसा, पण त्याहूनही काळा. नक्षी नव्हती, नुसते अंगठ्याचे ठसे होते, ओळीत, दोराच्या पिळासारखे.

इस्फहानकडून आलेला एक प्रवासी आपल्या बायकोला म्हणाला, "हाही चाखून बघू," आणि घास घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. "आगा, तुमचं दुकान कुठलं?"

फरामर्ज मधे आला. "दुकान नाही. दुआ म्हणा," तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात त्याला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "नाव सनोबर."

प्रवाशाने टोपी काढली.

फरामर्जने स्वतः घास घेतला, डोळे मिटून पढला आणि म्हणाला, "खुदा तिला जवळ करो."

"आणि चव?" मश्तीने विचारलं.

"मश्ती, या हलव्याची चव कुणी विचारत नाही."

"ती विचारेल. आज गुरुवार, कबरीवर जायचा दिवस. दुपारच्या गाडीने मी संध्याकाळी कबरीवर पोचतो. काय सांगू तिला?"

फरामर्जने खाली बघितलं. "कडू आहे," तो म्हणाला. "गोड आहे, पण कडूच्या मागे उभं आहे."

मश्तीने मान हलवली, ओठांनी ते एकदा म्हणून घेतलं आणि पुढे आला. कबाबवाल्याला वेलची जास्त वाटली. भातवालीने सांगितलं, तुपात हात आखडलाय. तो प्रत्येकाचं ऐकून घेत होता. कुणावर रागावला नाही, कुणाला खोटं बोलू दिलं नाही.

शेवटी तो तूबापुढे थांबला. तिने परातीच्या मधला घास घेतला. आधी दुआ म्हटली. मग चावला, सावकाश, दाताखाली आणि दातामागे जीभ फिरवून. पीठ जळलं होतं. तळापासून जळलं होतं.

"कच्चं नाही," ती म्हणाली. "कुठेच कच्चं नाही, मश्ती. दाताला काही चिकटत नाही."

म्हाताऱ्याचे खांदे थोडे खाली आले. "जावा म्हणत होत्या, उतरवा, करपलं. मी उतरवलं नाही. म्हटलं, एखादा कण राहिला असला तर?"

"आणि काकवी?"

"दारातल्या झाडाची. घरी गेल्यापासून रोज एक खजूर खातो. बसून खातो. आता येते चव. सगळी सांगता येते."

खजूर मिळाला नाही त्या दिवशी त्याने सनोबरला काय सांगितलं, की काहीच सांगितलं नाही, हे तूबाने विचारलं नाही. तिने परात धुऊन दिली, पुसून दिली. पुडीत मूठभर सावलीतला पुदिना बांधला.

"नेऊन दाखवा," ती म्हणाली.

त्याने पुडी हुंगली. "आलाय गावाहून परत," तो म्हणाला, आणि पुडी सदऱ्याच्या आत ठेवली.

दाराशी समोसेवाल्याने सवयीने तुकडा पुढे केला. मश्तीनेही सवयीने घेतला. तोंडात धरला, डोळे बारीक केले. ओठ हलू लागले. तसाच ओठ हलवत, रिकामी परात काखेत धरून तो बाहेर पडला आणि डावीकडे वळला.

थोडं चालून गेल्यावर थांबला. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एक मोटार त्याला वळसा घालून गेली. मग तो सावकाश मागे फिरला, सराईच्या दारावरून, आत न बघता, उजवीकडे गाड्यांच्या अड्ड्याकडे गेला. आता ओठ हलत नव्हते.

नारिंगाच्या झाडाखाली तूबा उभी होती, तिने हे बघितलं. फरामर्जनेही बघितलं, पण तो म्हणाला की त्याचं लक्ष नव्हतं, बर्फ फोडत होता.